बुडबुड्यांच्या मागून

नाशिक, रविवार, १२ जानेवारी १९८६

पुंजा,

माझा जय भीम, आणि तुझा रामराम तुला. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे चुलीत घातलं नसशील तर पुढे वाच. घातलं असशील तर तुझंही काही चुकलं नाही.

सात वर्षांनी लिहितोय ते ख्यालीखुशाली विचारायला नाही. मी मे अखेर निवृत्त होतोय. डावा कान पार गेला, विमल आता उजवीकडूनच हाक मारते. नौदलात पंधरा वर्षं आणि इथे धरणावर बावीस, इतकी वर्षं पाण्याखाली काढल्यावर माणसाने कोरड्यात निवांत बसावं. पण साहेबांनी जाता जाता एक काम गळ्यात घातलंय. पाण्याखाली उतरायचे दोन नवे कोरे संच आलेत, आणि माझ्यामागे त्यात उतरणारा माणूस तयार करून द्यायचाय. तिघांची नावं आली. त्यातलं एक गोरक्षचं.

हो, तुझा धाकटा भाऊ. आयटीआय करून आमच्याकडे लागला हे तुला माहीत आहे. पाणबुड्याच्या कामाला नाव दिलं हे त्याने सांगितलं नसणार. मला म्हणाला, "काका, दादाला कळवू नका. दोर हातात धरायचा म्हटलं की त्याला कापरं भरतं. आमच्या विहिरीचा पोहरासुद्धा वहिनीच ओढते." म्हणून तर कळवतोय.

आज सकाळी त्याला पहिल्यांदा पाण्यात घातला. धरणावर नाही. इथे इंदिरानगरच्या पलीकडे मळ्यात एक जुनी विहीर आहे, तीस फूट पाणी, मालक भला माणूस. आधी काठावर बसवून एकेक वस्तू हातात दिली. तोंडावरची काच, तिच्यात नाकही झाकलं जातं. पायातले रबरी पंख. कमरेला शिशाचा पट्टा, त्याचा खटका असा की एका हाताने उघडला पाहिजे, अडचणीत दुसरा हात मोकळा असेलच असं नाही. पाठीवर हवेची बाटली, तिच्यापासून निघालेली नळी तोंडात. बाटलीच्या कडेला एक दांडी. श्वास जड यायला लागला की ती खाली ओढायची, मग राखलेली थोडी हवा सुटते. ती हवा वर येण्यासाठी असते, काम उरकण्यासाठी नाही. हे मी त्याच्याकडून पाच वेळा म्हणवून घेतलं.

मग म्हटलं, काचेत थुंक. पठ्ठ्या माझ्याकडे बघतच राहिला. थुंकून चोळलं, धुतलं की काचेवर वाफ धरत नाही. शिकलेल्या पोराला हे कसंसंच वाटतं. कानाचंही सांगितलं. हात-दोन हात उतरलं की नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, कान उघडतात. दुखायच्या आधी फुंकायचं, दुखल्यावर नाही. सर्दी असेल त्या दिवशी पाण्याला पाठ दाखवायची. माझा कान कसा गेला ते त्याने विचारलं. सर्दी होती आणि साहेबांना घाई होती, असं सांगितलं. तो हसला. मला हसू आलं नाही.

एप्रिलात धरणाच्या गेटची तपासणी आहे. त्याचं पहिलं खरं उतरणं तेच. वर दोर धरायला माणूस लागेल. माझ्या पाहण्यात दोराला समजून घेणारे हात एकाच माणसाचे.

चौकशीच्या कागदावर काय लिहिलंय ते तुलाही पाठ आहे आणि मलाही. ‘दोर धरणाऱ्याने अतिवेगाने ओढल्यामुळे.’ त्यावर आज काही लिहीत नाही.

सहादू


नाशिक, रविवार, २ फेब्रुवारी

पुंजा,

उत्तर नाही. ठीक आहे. विमल म्हणते, "त्याने का लिहावं तुम्हाला? तुम्ही त्याच्या जागी असता तर लिहिलं असतं का?" या बाईला चाळीस वर्षांत एकदाही गोड बोलून माझी समजूत घालता आली नाही.

तरी गोरक्षबद्दल सांगायलाच हवं.

पोरगा हुशार आहे, घाबरट नाही. हेच मला नको होतं. थोडा घाबरणारा बरा असतो. चार रविवार झाले, कान उघडतात, काचेत पाणी शिरलं तर नाकाने फुंकून बाहेर काढतो, तोंडातली नळी निसटली तर शोधून परत घालतो. पण एक खोड आहे. श्वास कोंडतो.

विहिरीच्या तळाशी मी समोर बसलेला. माणूस श्वास सोडतो तेव्हा बुडबुडे वर जातात, ते बघत राहायचं हे माझं काम. याचे बुडबुडे मधेच बंद. मी मनात अंक मोजतोय, दहा, पंधरा, वीस. मग एकदम भसकन. पुन्हा बंद. वर आणून विचारलं, हे काय चाललंय? तर छाती पुढे काढून म्हणतो, "हवा वाचवतोय. भिकनदादा असंच करायचा ना? एका बाटलीत दोन बाटल्यांचं काम. धरणावर सगळे सांगतात."

पुंजा, भिकन जाऊन सात वर्षं झाली आणि त्याची ती करामत अजून चहाच्या टपरीवर सांगितली जाते.

आज मी फुगा नेला. जत्रेत मिळतो तसला, लाल. तळाशी नळीतली हवा तोंडात घेऊन तो फुगवला, गाठ मारली आणि सोडला. वर जाता जाता मोठा होत गेला आणि पाण्याच्या तोंडाशी फट्. वर येऊन म्हटलं, बघ, खाली दाबाखाली घेतलेली हवा वर येताना फुगते. फुगा म्हणजे तुझी छाती. या नळीने श्वास घेणाऱ्याने एक गोष्ट कधी करायची नाही, श्वास कोंडायचा नाही. वर येताना तर नाहीच. स्वतःच्या सगळ्यात बारीक बुडबुड्याच्या मागून यायचं, त्याच्या पुढे जायचं नाही, आणि सारखं फुंकत राहायचं.

तो म्हणाला, "पण काका, विहिरीत बुडी मारणारे कोंडतातच की."

ते वरची हवा घेऊन खाली जातात आणि तीच घेऊन वर येतात. ती फुगून पुन्हा तेवढीच होते. नळीवाला खालची हवा घेतो. हे त्याला पटलं असं वाटलं. मग तो काचेतलं पाणी झटकत सहज बोलला, "कोंडल्याने मरत असता तर भिकनदादा दोन वर्षं कसा टिकला? तो दादाने जोरात ओढला म्हणून गेला. कागदावर तसंच आहे ना? तुम्हीच सांगितलं होतं ना?"

मी म्हटलं, हो.

म्हणजे हा पोरगा दोराला भिणार आणि श्वास कोंडणार. मी घरी आलो, चहा तसाच गार झाला.

सहादू


नाशिक, रविवार, २३ फेब्रुवारी

पुंजा,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहितो.

भिकनला चांदवडहून मी आणला होता. तिथे तो विहिरींत पडलेल्या बादल्या, मोटारीचे नळ, एकदा तर एका म्हातारीची पाटली काढून द्यायचा. एका दमात दोन मिनिटं खाली. आमच्यातलाच मुलगा, बाप नाही, आई शकुबाई मजुरीला जाणारी. मी म्हटलं, याला सरकारी काम मिळवून देऊ. मिळवून दिलं. त्याचं श्रेय मी मुबलक घेतलं.

तेव्हा आपल्याकडे एकच संच होता आणि बाटली भरायला मुंबईला जायची, पंधरा दिवसांनी परत यायची. तुला आठवत असेल, ट्रक आला की आपण तिघं लग्नातला नवरदेव उतरवावा तशी ती उतरवून घ्यायचो. हवा म्हणजे दुष्काळातलं पाणी. आणि भिकन विहिरीतला माणूस, श्वास कोंडणं त्याच्या हाडीमाशी. मी ते बघितलं, आणि मोडून काढायच्या ऐवजी त्याला म्हणालो, "शाबास. असाच एक श्वास घे, दहा अंक थांब, मग सोड. हवा सांडू नको." तो दहावरून तीसवर गेला. एक बाटली तासभर पुरवायला लागला. साहेबांनी पाठ थोपटली, त्याची आणि माझीसुद्धा.

नौदलात पहिल्या दिवशी पहिलं वाक्य शिकवतात ते हे की श्वास कोंडू नका. मला ते झोपेतही म्हणता येतं. माहीत नव्हतं म्हणून चुकलो असं नाही, पुंजा. माहीत असून शिकवलं.

त्या दिवशी भिकन चाळीस फुटांवर गेटचं रबर बघत होता. बाटली संपत आली. त्याने राखीव हवेची दांडी ओढली, पण वर यायच्या ऐवजी काम पुरं करत बसला, ते नंतर बाटली बघून कळलं. मग चार हिसके. एक हिसका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे ढील दे, तीन म्हणजे येतोय. आणि चार म्हणजे ओढ, काही विचारू नको, ओढ. तू ओढलंस. नियमाने ओढलंस. मी तुझ्या शेजारी उभा होतो आणि मीच ओरडत होतो, "ओढ, ओढ!"

आणि त्याने काय केलं? विहिरीतल्या माणसाने जे जन्मभर केलं तेच. उरलेला एक श्वास छातीभर घेतला, तोंड मिटलं, आणि वर आला. तोंड उघडं ठेवून फुंकत आला असता तर तू त्याहून जोरात ओढलं असतंस तरी तो वाचण्याचा संभव होता. पाण्याबाहेर डोकं आलं तेव्हा तोंडातून आलेला लाल फेस तू बघितलास. तुला वाटलं, आपल्या हातांनी झालं. मला त्याच क्षणी कळलं की कशाने झालं.

चौकशीत विचारलं, प्रशिक्षणात त्रुटी होती काय? मी म्हटलं, नाही. मग कशामुळे? तुझा हात समोर दिसत होता.

भीती वाटली म्हणून. दुसरं मोठं कारण नाही. नोकरी जाईल, नौदलाचं नाव जाईल, शकुबाईसमोर उभं राहता येणार नाही. तुला कामावरून कमी केलं तेव्हा मी तुझ्या घरावरून दोनदा गेलो आणि दोन्हीदा सायकल न थांबवता परत आलो.

तुझ्या हातांनी भिकन मेला नाही. माझ्या शिकवण्याने मेला. पुंजा, हे वाक्य दोनदा वाच.

गोरक्षला आज सकाळी विहिरीवर हेच सांगितलं. तो उठला आणि कपडे न बदलता तसाच ओल्या अंगाने निघून गेला.

सहादू


नाशिक, रविवार, १६ मार्च

पुंजा,

गोरक्ष पुढच्या रविवारी आला. माझ्याशी बोलला नाही, पाण्यात उतरला. तळाशी बसून असा श्वास घेत होता, जसा चुलीवर भात रटरटतो. एकदाही बुडबुडे थांबले नाहीत. वर आल्यावर एवढंच म्हणाला, "शिकवा. तुमच्याशी काय बोलायचं ते नंतर बघतो." मला ते आवडलं.

मी साहेबांकडे लेखी जबाब दिला. सही करून, तारीख घालून. साहेब नवे आहेत, त्यांचा यात संबंध नाही. म्हणाले, "सात वर्षांनी कशाला उकरता? दोन महिने राहिले. हार घालू, नारळ देऊ, सुखाने घरी जा." मी म्हटलं, "साहेब, गोरक्ष पाण्यात जाणार आहे." त्यांनी कागद पुढे ओढला आणि आवक शिक्का मारून घेतला. पुढे काय होईल ते होईल. सोबत नक्कल जोडलीय, तुझ्यापाशी असू दे.

मंगळवारी चांदवडला जाऊन आलो. शकुबाई कांद्याच्या खळ्यावर होती, पात कापत. मी उभ्यानेच सांगितलं. बसायची माझी हिंमत झाली नाही. तिचा विळा थांबला नाही. दोन पाट्या भरून झाल्यावर बोलली, "सात वर्सं मी त्या पुंजाला शिव्या घातल्या. सकाळी उठले का घातल्या. त्याचं तोंड नाय पाह्यलं लय दिस, तरी घातल्या. आता त्या माघारी कशा घिऊ, सांग."

मी खाली पडलेला एक कांदा उचलून पाटीत टाकला.

"न तुला काय म्हनू?" ती म्हणाली. "तुला म्हनायला माझ्यापाशी काय उरलंच नाय. जा तू." मी निघालो तर मागून विचारलं, "ते पोरगं कधी उतरनार हाय?"

मी सांगितलं, शनिवार, ५ एप्रिल, सकाळी आठ. मी सोबत उतरणार आहे. पाण्याखाली एकट्याने जायचं नाही, हाही पहिल्या दिवसाचाच धडा, आणि भिकनला मी एकट्यालाच सोडायचो. गेट बंद असेल, पण ते फिरवायचं हँडल दोर धरणाऱ्याच्या ताब्यात हवं. वर कुणी चुकून गेट जरा जरी उघडलं तर पाणी माणसाला फटीत ओढून घेतं. तू आलास तर हँडल तुझ्याकडे. नाही आलास तर गेटवाला बुधा धरेल दोर. तो बरा आहे. बराच आहे फक्त.

एक गंमत सांगायची राहिली. गोरक्षने नवस बोललाय, पाण्यातून नीट वर आलो की लगेच सप्तशृंगीच्या गडावर. मी म्हटलं, देवीला म्हणावं एक दिवस थांब. पाण्याखाली हवा अंगात मुरते, ती सावकाश निघून जाऊ द्यावी लागते, त्याच दिवशी उंचावर चढायचं नाही. तो म्हणाला, "काका, तुम्ही देव मानत नाही म्हणून सांगताय." मी म्हटलं, "मी नियम मानतो. एकदा मानला नव्हता."

सहादू


नाशिक, रविवार, ६ एप्रिल

पुंजा,

आज तू आणि गोरक्ष गडावर असाल. पायऱ्यांवर त्याला पळू देऊ नकोस.

काल तू पहिल्या एसटीने आलास. माझ्याकडे बघितलं नाहीस. बुधाकडून गेटचं हँडल मागून घेतलंस आणि मांडीखाली घालून त्याच्यावर बसलास. गोरक्षच्या कमरेची गाठ मी बांधली होती, ती सोडून पुन्हा बांधलीस. मग दोराचा उरलेला तुकडा घेऊन त्याची कंबर आणि माझी कंबर जोडलीस. शकुबाई तोवर येऊन तुझ्यामागे दगडावर बसली होती. तिला तिथे बघून मला वाटलं, आता तू उठून जाणार.

खालचं तू बघितलं नाहीस, ते सांगतो.

गढूळ पाणी, हातभर दिसतं. गोरक्षने रबर छान तपासलं, बोटांनी, टोकापासून टोकापर्यंत. पाच-पाच मिनिटांनी तुझा एक हिसका, त्याचा एक हिसका. मग त्याचा श्वास जड झाला. त्याने दांडीला हात घातला, तर ती आधीच खाली. काठावर मी स्वतः बघितली होती, वर होती. गेटच्या लोखंडाला कुठेतरी घासून पडली असणार आणि राखीव हवा नकळत वापरली गेली. त्याने माझ्याकडे बघून गळ्यावरून हात फिरवला. हवा संपली.

मी माझी नळी त्याच्या तोंडात दिली. दोन श्वास त्याचे, दोन माझे. एका हातात नळी, दुसऱ्या हातात त्याचा पट्टा, आता आम्हाला वर न्यायला दोरच. त्याने चार हिसके दिले.

दोर ताठ झाला आणि थांबला.

पुंजा, मला अठ्ठावन्न वर्षांत कधी अशी भीती वाटली नाही. पाण्याची नाही. मला माहीत होतं वर काय झालंय. चार हिसके, तेच धरण, तेच हात. माझं सात वर्षांचं खोटं त्या हातांत अडकून बसलं होतं, आणि पत्र लिहून ते निघालं नव्हतं. मी त्याचा शिशाचा पट्टा सोडायला खटक्यावर बोट ठेवलं.

तेवढ्यात दोर हलला. एक हात, मग दुसरा हात. भसाभस नाही, सावकाश आणि न थांबता. मी गोरक्षच्या छातीवर थाप मारली, फुंक. त्याने फुंकलं. नळी दिली, घेतली, पुन्हा थाप, पुन्हा फुंक. आमचे बुडबुडे आमच्या पुढे जात होते आणि तू आम्हाला त्यांच्या मागून आणत होतास. वर प्रकाश आला तेव्हा तो अजून फुंकतच होता. पाण्याबाहेर डोकं काढून खोकला, हसला, पुन्हा खोकला. फेस पांढराशुभ्र होता, नुसतं पाणी.

तू त्याच्या छातीला कान लावलास. बराच वेळ लावून ठेवलास. मग उठून दूर गेलास आणि हात धुतलेस. मी जवळ आलो नाही. यायचा हक्क नव्हता.

रात्री तुम्ही दोघं आमच्याकडे राहिलात ते नियमासाठी, माझ्यासाठी नाही, हे मला कळतं. विमलने वाढलेलं तू जेवलास तेवढं पुष्कळ झालं.

वर काय झालं ते मला शकुबाईने चांदवडच्या गाडीची वाट बघताना सांगितलं. तिच्याच शब्दांत लिहितो, माझ्या शब्दांवर तू का विश्वास ठेवावास?

"चार हिसके बसले न त्याचे हात धोंड्यावानी झाले. दोर धरलेला, पन वढंना. बुधा वरडाया लागला. मी उठले न त्याच्या पाठीवर हात ठिवला. म्हनले, वढ, पुंजा. भिकनची माय सांगतीये, वढ."

गाडी आली. चढताना ती म्हणाली, "शिव्या माघारी घेतल्या म्हन त्याला. मी त्याला तोंडानं सांगनार व्हते, पन तवा त्याला दोर वढायचा व्हता."

माझ्या जबाबाचं काय होतं ते कळेल तेव्हा कळेल. तुझी मी माफी मागत नाही, ती मागण्याइतका मी अजून वर आलेलो नाही. पत्राला उत्तर लिहू नकोस, तसं काही ठरलेलं नाही आपलं.

गडावरून घरी गेलास की विहिरीचा पोहरा तू ओढ. वहिनी थकली असेल.

सहादू